पातळ टाचणवहीचं परीक्षण: ४८ पृष्ठं, दोन पिना

सुचलेलं टिपून ठेवायला कोणती वही घ्यावी, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: ९० मिमी रुंद, १४० मिमी उंच, ४८ पृष्ठं, मधोमध दोन पिना आणि जाड कागदाचं साधं कव्हर. हिच्याहून देखण्या वह्या कितीतरी आहेत. शिवलेल्या, कडक पुठ्ठ्याच्या, खुणेची फीत आणि इलास्टिक लावलेल्या. सलग लिखाणाला त्या उत्तमच. पण चालता-बोलता, रांगेत उभं असताना, एक काम संपून दुसरं सुरू होण्याआधी डोक्यात जे सुटं सुटं येतं, म्हणजे आयुष्याविषयीचं एखादं निरीक्षण, कामात नेमकी अडलेली जागा, अर्धवट कल्पना, हसू फुटेल असं एखादं वाक्य, त्याच्यासाठी ही पातळ वहीच सरस आहे. ती हलकी आहे, खिशाबरोबर वाकते, ही कारणं खरीच. पण तिचा सगळ्यात मोठा गुण हा की ती दोन-अडीच आठवड्यांत संपते. संपली की ती वाचावी लागते, आणि टाचणाचं खरं काम वाचताना सुरू होतं.

‘नंतर लिहू’ म्हणून सोडलेली गोष्ट किती झपाट्याने जाते, हे हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ साली मांडलं. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, ठरावीक वेळाने तेच पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या खेपेला किती श्रम वाचले ते मोजायचं. वीसेक मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचले, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के. सर्वांत मोठी घसरण पहिल्या तासातली. अर्थ असलेलं वाक्य इतक्या लवकर पुसलं जात नाही हे खरं, पण विनोदाचा किंवा कल्पनेचा जीव ज्या शब्दरचनेत असतो ती मात्र अशीच निसटते. मागे राहतो तो नुसता विषय. म्हणून वही टेबलावर कशी दिसते यापेक्षा ती हातात किती सेकंदांत येते हे आधी बघावं. इलास्टिक काढा, फीत शोधा, पान सपाट दाबून धरा, एवढं होईपर्यंत वाक्याचा शेवट गेलेला असतो.

आता मापं. छपाईवाले पान आणि पृष्ठ यांत फरक करतात, तो इथेही उपयोगी पडेल: पानाच्या दोन बाजू म्हणजे दोन पृष्ठं. ४८ पृष्ठं म्हणजे २४ पानं, म्हणजेच मधोमध दुमडलेले १२ कागद. ९० × १४० मिमीचं एक पान ०.०१२६ चौरस मीटर भरतं. ७० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या) कागदाची २४ पानं साधारण २१ ग्रॅम होतात आणि २५० जीएसएमचं कव्हर आणखी ६ ग्रॅम घालतं. म्हणजे अख्खी वही २७-२८ ग्रॅमची आणि ३ ते ४ मिमी जाडीची. १९२ पृष्ठांच्या त्याच मापाच्या वहीत नुसता कागदच ८५ ग्रॅम असतो, पुठ्ठ्यासह ती सव्वाशेच्या घरात जाते. शंभर ग्रॅमचा हा फरक हातात फारसा कळत नाही, पण शर्टाच्या खिशात दिवसभर जाणवतो. वजन जाणवलं की वही पिशवीत जाते, आणि पिशवीत गेलेली वही ऐन वेळी हाताशी नसते.

ए६ माप (१०५ × १४८ मिमी) सगळीकडे मिळतं, पण ते शर्टाच्या खिशात अडकत अडकत जातं. ए७ (७४ × १०५ मिमी) कुठेही मावतं, पण एका ओळीत तीनच शब्द बसतात आणि वाक्य इतक्या ठिकाणी तुटतं की लिहिणारा नकळत वाक्यं सोडून तुटक शब्द लिहू लागतो. ९० × १४० हा या दोघांमधला मार्ग आहे.

आखणीच्या बाबतीत मात्र बहुतेक वह्या आपल्या लिपीचा विचार न करता बनवलेल्या असतात. खिशातल्या वहीत सर्रास ६ मिमीच्या ओळी किंवा ५ मिमीचे ठिपके असतात. रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत अक्षर शिरोरेषेखाली लोंबतं, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराखाली उकार. ६ मिमीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो, आणि घाईत लिहिलेलं ‘मूल’ आठवड्याने ‘मेल’ वाचलं जातं. देवनागरीला ८ मिमी हवेत, अक्षर बारीक असेल तर ७. अशी आखणी खिशाच्या मापात क्वचितच मिळते. त्यावर सोपा उपाय म्हणजे कोरी वही घ्यायची आणि ८ मिमीच्या गडद ओळी आखलेलं एक जाड कार्ड पानाखाली ठेवायचं. ७०-८० जीएसएमच्या कागदातून त्या ओळी दिसतात, आणि तेच कार्ड कडक आधार म्हणूनही चालतं. वर थोडी जागा सोडली तर ८ मिमीच्या १६ ओळी बसतात. ओळीला चार-पाच शब्द धरले तर पृष्ठावर सत्तर-ऐंशी शब्द होतात. अख्खी वही साडेतीन हजार शब्दांच्या आसपास भरते. दिवसाला तीन पृष्ठं लिहिली तर सोळा दिवसांत ती संपली.

बांधणीत दोन पिनांहून जास्त काही लागत नाही, पण त्या पिना तपासून घ्याव्यात. टोकं आतल्या बाजूला पूर्ण सपाट वळलेली हवीत. उभी राहिलेली टोकं मधल्या दोन पृष्ठांवर लिहिताना बोटाला लागतात आणि मधला कागद फाडतात. पिना वरच्या-खालच्या कडांपासून साधारण ३ सेंटिमीटर आत असाव्यात. दोन्ही मध्याकडे सरकलेल्या असल्या तर वरचे-खालचे कोपरे उघडे पडतात. घामाने पिना गंजतात आणि तपकिरी डाग आतल्या चार पृष्ठांवर उतरतो. मागच्या खिशात ठेवणाऱ्यांनी कण्याच्या बाहेरून पारदर्शक चिकटपट्टीची एक पट्टी लावावी. गंज कमी होतो आणि कणाही फाटत नाही.

पिनांच्या वहीतून पान फाडू नये. हे बजावून सांगायचं कारण यांत्रिक आहे. प्रत्येक पान त्याच्या जोडीदाराशी एकाच कागदाने जोडलेलं असतं: २४ पानांच्या वहीत पाचवं पान विसाव्या पानाशी, सातवं अठराव्याशी, म्हणजे दोघांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी २५. पाचवं पान, म्हणजे पृष्ठ ९-१० ओढून काढलं की विसावं पान, म्हणजे पृष्ठ ३९-४० निराधार होतं आणि काही दिवसांनी कुठेतरी गळून पडतं. कुणाला काही लिहून द्यायचं असेल तर शेवटची दोन पानं त्यासाठी मोकळी ठेवावीत आणि ती फाडताना एक सेंटिमीटरचा काठ मागे सोडावा.

कागदाच्या चार परीक्षा घेता येतात आणि सगळ्या मिळून दोन मिनिटांच्या आहेत. शेवटच्या पृष्ठावर पेन टेकवून तीन सेकंद तसंच धरायचं. मागच्या बाजूला ठिपका उमटला तर दोन्ही बाजूंना लिहिता येणार नाही आणि ४८ पृष्ठांची वही २४ पृष्ठांची होईल. मग एक तिरकी रेघ ओढून कडा बघायच्या. रेघेला केस फुटल्यासारखे दिसले तर कागदावरची खळ (शाई शोषू न देणारा लेप) कमी आहे आणि शाई तंतूंच्या वाटेने पसरते. अशा कागदावर बॉलपेन किंवा पेन्सिल चालेल, फाउंटन पेन नाही. तिसरी, ओळीवरून लगेच बोट फिरवायचं. फार गुळगुळीत कागदावर शाई उशिरा वाळते, आणि लिहून झटकन वही मिटणाऱ्याला हा दोष शाई फुटण्यापेक्षाही महागात पडतो. चौथी, पान आधी उभं आणि मग आडवं हलकंच वाकवून बघायचं. ज्या दिशेने सहज वाकतं ती तंतूंची दिशा, आणि ती कण्याला समांतर हवी. उलट असली तर पानं ताठ राहतात, वही उघडी राहत नाही आणि दमट हवेत कडा लाटांसारख्या होतात. जीएसएमचा आकडा एकटा बघून काही ठरवू नये. खळ नीट लावलेला ५२ जीएसएमचा पातळ कागद शाई धरून ठेवतो आणि खळ नसलेला १०० जीएसएमचा कागद ती पिऊन टाकतो.

लेखणीचं थोडक्यात. खिशातल्या वहीला सर्वांत भरवशाची पेन्सिल: कुठल्याही कोनात चालते, पाण्याने जात नाही, उजेडाने फिकी होत नाही. एचबी घ्यावी, २बी गडद उमटते पण खिशात पानं एकमेकांवर घासून समोरचं पृष्ठ राखाडी करते. बॉलपेनची शाई गुरुत्वाकर्षणाने खाली येते, म्हणून अंथरुणात पडून वही वर धरून लिहायला गेलं की दोन-चार ओळींत ते थांबतं. दाबाखालच्या शाईचं पेन वापरलं तर ही अडचण येत नाही; १९६८ साली अपोलो ७ मोहिमेबरोबर अंतराळात गेलं ते याच प्रकारचं. घासून पुसता येणाऱ्या शाईचं पेन टाचणाला अजिबात वापरू नये. ती शाई साधारण ६० अंश सेल्सिअसला अदृश्य होते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काचेमागे ठेवलेली वही तितकी तापू शकते. तसं झालंच तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवावी, उणे १०-२० अंशांना अक्षरं बरीचशी परत दिसू लागतात.

वही चांगली असूनही टाचणं निकामी होतात, त्याचं कारण काय लिहिलं यात असतं. ‘लिफ्टचा आरसा’ असं लिहून ठेवलेलं तीन दिवसांनी कुणालाही कळत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. विषय टिपला गेला, सुचलेली गोष्ट राहूनच गेली. टाचण कितीही छोटं असलं तरी त्यात एक पूर्ण वाक्य क्रियापदासकट असावं: ‘लिफ्टमध्ये आरसा असला की लोक वेळ किती गेला ते बघत नाहीत, स्वतःला बघतात.’ आता त्यावर पुढे काही करता येईल. वाक्यापुढे तारीख आणि एका शब्दात प्रसंग. समासात एक अक्षर: आयुष्याविषयी असेल तर ‘आ’, कामाचं ‘का’, नवीन काही करून बघायची कल्पना ‘न’, विनोद ‘ह’. एवढीच चार. खुणा आठ-दहा केल्या की कुठली लावायची या विचारात वेळ जातो आणि आठवड्याभरात सगळीच पद्धत सुटते.

कामाच्या टाचणात ‘काय केलं’ लिहून फारसा उपयोग नाही, ते इतरत्र नोंदलेलं असतंच. ‘कुठे अडलं आणि त्या क्षणी कारण काय वाटलं’ हे लिहावं. आठवड्याने कारण बहुधा वेगळंच निघतं, आणि त्या दोहोंतला फरक हाच खरा धडा असतो. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात आपला एक नियम सांगितला आहे: आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी कुठलीही गोष्ट दिसली की ती ताबडतोब टिपायची, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात असं त्याला आढळलं होतं. ‘का’ आणि ‘आ’ या दोन्ही खुणांच्या टाचणांना हा नियम लागू करावा. आपल्याच मताला छेद देणाऱ्या ओळीखाली दुहेरी रेघ मारावी, म्हणजे उतरवताना ती टाळता येत नाही.

विनोदाची टाचणं सर्वांत नाजूक, म्हणून त्यांच्यावर थोडं जास्त. तीन गोष्टी लिहाव्या लागतात: नेमके शब्द, कोण कुणाला म्हणालं, आणि कुठल्या शब्दावर हसू आलं. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत. त्या शब्दाभोवती गोल करावा, कारण दुरुस्ती करताना तो शब्द वाक्याच्या शेवटी न्यायचा असतो. आणि इथे मराठीची स्वतःची अडचण येते. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे हसवणारा शब्द आधी येऊन जातो आणि मागून ‘होतं’, ‘लागला’, ‘आहे’ यांची शेपटी वळवळत राहते. ‘मीटिंग कशासाठी ठेवली आहे हे शोधण्यातच मीटिंगचा एक तास गेला’ या वाक्यात गंमत पहिल्या अर्ध्या भागातच खर्च झाली आहे. तेच ‘तासभर मीटिंग चालली. विषय: मीटिंग कशासाठी?’ असं लिहिलं की शेवटचा शब्द आपलं काम करतो. मार्ग तीन: क्रियापद गाळायचं, वाक्य तोडून दोन करायची, किंवा शेवटी संवाद आणायचा. वहीत विनोदाखाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात, कारण ही दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सुचते, त्याच क्षणी नाही.

वही संपल्यावरचं काम समजून घ्यायला हिशेबाच्या वह्या आठवाव्यात. व्यापारी आधी कच्च्या वहीत जसं होईल तसं टिपतो, मग रोजकीर्दीत नीट उतरवतो, मग खतावणीत खात्यावर टाकतो. लिश्टेनबेर्ग हा अठराव्या शतकातला जर्मन पदार्थवैज्ञानिक १७६५च्या सुमारापासून १७९९मध्ये मरण येईपर्यंत अशाच कच्च्या वह्यांत विचार, निरीक्षणं आणि विनोद टिपत गेला, आणि इंग्लिश व्यापाऱ्यांच्या याच तीन वह्यांच्या रीतीचा दाखला त्याने आपल्या टिपणांसाठी दिला होता. खिशातली पातळ वही ही कच्ची वही. ती गचाळ असायलाच हवी. जाड, सुंदर वही इथेच नापास होते: तिच्यात वाईट विनोद लिहायला हात धजत नाही, आणि वाईट विनोद लिहिल्याशिवाय चांगल्यापर्यंत पोचता येत नाही. शिवाय ती सहा-आठ महिने संपत नाही. पहिल्या पृष्ठावरचं वाचेपर्यंत त्यामागचा संदर्भ पार विझलेला असतो.

उतरवण्यासाठी दुसरी वही लागते, आणि ती मात्र दणकट असावी: ए५ (१४८ × २१० मिमी), दोऱ्याने शिवलेली, ७ किंवा ८ मिमी आखणीची, पृष्ठक्रमांक छापलेली. शिवलेली वही ओळखायची खूण म्हणजे मधूनमधून, दर आठ-बारा पानांनी, दोन पानांच्या सांध्यात दोरा दिसतो. नुसत्या सरसाने चिकटवलेली वही सपाट उघडत नाही. ती जोर लावून उघडली की कणा तडकतो आणि पानं पुंजक्याने सुटतात.

खिशातली वही संपली की चोवीस तासांनी, शक्यतो एका बैठकीत ती वाचायची. पाऊण तास पुरतो. शेवटच्या पृष्ठापासून मागे वाचत यावं, म्हणजे ताज्या उत्साहात लिहिलेलं आधी तपासलं जातं आणि जुन्यावर शांतपणे येता येतं. प्रत्येक टाचणाचे तीन निकाल असतात. उतरवायचं असेल तर बरोबरची खूण आणि मोठ्या वहीतला पृष्ठक्रमांक, सोडायचं असेल तर एक आडवी रेघ (खोडून काळं करू नये, कधी कधी सोडलेलंच नंतर लागतं), आणि ठरत नसेल तर बाण काढून ते नव्या वहीच्या पहिल्या पृष्ठावर. एकच टाचण तिसऱ्यांदा बाणावर जायला लागलं तर तिथेच निकाल लावावा. उतरवताना शब्दशः नक्कल करू नये. वाक्य पुन्हा घडवावं. हाताने पुन्हा लिहिताना निरुपयोगी टाचण आपोआप गळतं, कारण ते लिहायचा कंटाळा येतो. तो कंटाळा ही मोफत मिळणारी चाळणी आहे. फोटो काढून साठवण्याची सोय म्हणूनच इथे नुकसान करते, कारण तिच्यात सगळंच टिकतं.

मोठ्या वहीला सूची नसेल तर वर्षाने तिचं गाठोडं होतं. जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञाने १६८६मध्ये सूचीची एक रीत छापून प्रसिद्ध केली: शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर. २० अक्षरं गुणिले ५ स्वर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर १०० घरं. ही रीत बाराखडी पाठ असलेल्यांना जणू घरचीच आहे. उभ्या रांगेत व्यंजनं, आडव्या रांगेत पाच जोड्या: अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. ‘विनोद’ व-इ मध्ये, ‘वेळ’ व-ए मध्ये, ‘प्रेम’ प-ए मध्ये, ‘कंटाळा’ आणि ‘काम’ दोन्ही क-अ मध्ये. ङ, ञ, ण, ळ यांनी शब्द सुरू होत नाहीत. क्ष ‘क’मध्ये आणि ज्ञ ‘ज’मध्ये टाकावा. उरतात ३० व्यंजनं आणि स्वरांची एक ओळ. ए५ वहीच्या दोन पृष्ठांवर ३१ ओळी आरामात बसतात. घरात फक्त पृष्ठक्रमांक लिहायचा. स-अ आणि क-अ ही घरं लवकर भरतात, तिथे सुरुवातीलाच दोन ओळींची जागा द्यावी.

स्पर्धकांकडे वळू या. स्प्रिंगची वही उभ्याने लिहायला सोयीची, कारण मागे पूर्ण वळते आणि हातात कडक पाठ मिळते. पण स्प्रिंग खिशात अडकते, चेपली की पानं फिरत नाहीत, आणि बाजूला स्प्रिंग असेल तर डावखुऱ्याचा हात तिच्यावरच पडतो. घ्यायचीच तर वरच्या कडेला स्प्रिंग असलेली घ्यावी.

३ × ५ इंची (७६ × १२७ मिमी) कार्डं हा जास्त गंभीर पर्याय. एका कार्डावर एकच गोष्ट, आणि मग ती पत्त्यांसारखी पिसून नवे शेजार लावता येतात. भाषण, लेख किंवा विनोदांचा कार्यक्रम रचायचा असेल तर याला तोड नाही. अमेरिकन विनोदी कलाकार फिलिस डिलर हिचं पोलादी कपाट स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. ४८ खण, त्यांत विषयवार लावलेली ५२ हजारांहून जास्त विनोदांची कार्डं. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान याच्या खणांत सुमारे ९० हजार चिठ्ठ्या जमल्या. त्याने विषयवार कप्पे न करता प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक दिला, आणि १ व २ यांच्यामध्ये काही सुचलं की १क, १क१ अशा धर्तीवर फांदी काढत गेला. पण ही दोन्ही उदाहरणं खतावणीची आहेत. कार्डं खिशात घेऊन फिरलं की कच्च्या टाचणांचा क्रम हरवतो, तारीख लिहायची राहते, आणि २०० जीएसएमची वीस कार्डं नुसत्या कागदानेच ३८-३९ ग्रॅम होतात, म्हणजे वहीहून जड. उतरवायला कार्डं जरूर वापरावीत, टिपायला नको.

फोनचं सामर्थ्य शोधण्यात आहे आणि ते मोठं आहे. गर्दीत उभ्याने एका हाताने लिहायचं तर तोच सोयीचा. पण फोन उघडताक्षणी आलेले निरोप दिसतात आणि डोक्यातलं वाक्य त्यांच्याखाली जातं. हे टाळायचं तर टिपण्याची खिडकी पहिल्या पडद्यावरून एका टिचकीत उघडेल अशी ठेवावी. आवाजी टंकनात अनुस्वार आणि जोडाक्षरं चुकतात, आणि विनोदात एक अक्षर चुकलं तरी तो मेला. रोमन लिपीत टंकलेलं मराठी तर पुढे सापडतच नाही: ‘विचार’ कधी व्हीने, कधी डब्ल्यूने. देवनागरीतही ‘असे’ आणि ‘असं’ हे शोधयंत्राला दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेवटी वहीतल्या त्याच चार खुणांपैकी (आ, का, न, ह) एक कंसात टाकावी आणि नोंदी वरचेवर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून ठेवाव्यात. ध्वनिमुद्रित टाचणं वाहन चालवताना नाइलाजाने करावीत, पण त्याच दिवशी उतरवली नाहीत तर ती कुणी पुन्हा ऐकत नाही.

या वहीचे दोष दोन, आणि ते लपवण्यासारखे नाहीत. मऊ कव्हरमुळे हवेत धरून लिहिताना अक्षर थरथरतं. वर सांगितलेलं आखणीचं कार्ड खाली घेतलं तर बरंच सावरतं. दुसरा, चौकोनी कोपरे आठवड्यात कुत्र्याच्या कानासारखे दुमडतात. गोल कापलेले कोपरे मिळत असतील तर तेच घ्यावेत, नसतील तर कात्रीने स्वतः ५-६ मिमीची गोलाई द्यावी. चकचकीत प्लॅस्टिकचा थर असलेलं कव्हर टाळावं, घडीवर तो थर तडकून सोलवटतो. आणि चित्र काढणारा, आकृत्यांतून विचार करणारा माणूस असेल तर त्याला ९० मिमीची रुंदी जाचक वाटेल. त्याने वही उघडून समोरासमोरची दोन पृष्ठं मिळून १८० × १४० मिमीचं एक पृष्ठ मानावं, किंवा सरळ ए५ घ्यावी.

संपलेल्या वह्यांच्या कव्हरवर, उजव्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक आणि सुरुवातीची-शेवटची तारीख लिहावी. पातळ वहीच्या कण्यावर काही लिहिता येत नाही, म्हणून त्या उभ्या न लावता बुटांच्या खोक्यात पत्त्यांसारख्या, कव्हर समोर ठेवून लावाव्यात. दर दहा वह्यांमागे एक उंच कार्ड घालावं. वर्षाच्या बावीस-तेवीस वह्या होतात, त्या ७ ते ९ सेंटिमीटर जागा घेतात. खोक्यात ओलावा शोषणारी एक पुडी टाकावी, पिनांसाठी.